सीलंट ओतण्याआधी हवा कुठून जाते ते बघा

माउंटन बाइकचा ट्यूबलेस टायर सकाळी बसलेला दिसला की बहुतेक जण थेट सीलंटची, म्हणजे टायरच्या आत राहून भोक बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली उघडतात. ६० मिली अजून ओतायचं, चाक गरागरा फिरवायचं, हवा भरायची, आणि दुसऱ्या दिवशी टायर परत बसलेला. सीलंट हे काट्याच्या भोकासाठी असतं. रिमची टेप (स्पोकची भोकं झाकून हवा अडवणारी पट्टी) फाटली असेल किंवा व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर नीट टेकलं नसेल, तर कितीही ओता, ते रिमच्या पोकळीत जाऊन वाळतं आणि चाक उगाच जड होतं.

गळती शोधायला एक बादली आणि भांडी घासायचा साबण पुरे. चाक काढा, ३० पीएसआयपर्यंत हवा भरा (टायर आणि रिमवर लिहिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तिथेच थांबा) आणि साबणाचं पाणी स्पंजनं सगळीकडे लावा. व्हॉल्व्हच्या टोकाला बुडबुडे आले तर कोअर (व्हॉल्व्हचा फिरवून निघणारा आतला भाग) सैल आहे किंवा त्यात सीलंट वाळलंय. टायरच्या कडेला, म्हणजे बीडपाशी, आले तर तिथे माती किंवा जुन्या सीलंटचा थर अडकलाय, नाहीतर रिमला पोचा आलाय. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक फेस दिसत असेल तर घाबरू नका. हलक्या टायरच्या भिंती सुरुवातीला पाझरतातच. चाक हलवून बादलीवर आडवं ठेवा, पंधरा मिनिटांनी पालटा, असं दोन-तीनदा केलं की सीलंट त्या भिंतीत मुरतं.

फसवतात ते स्पोकच्या निपलपाशी, म्हणजे स्पोक रिमला आवळला जातो तिथे, येणारे बुडबुडे. रिम आतून पोकळ असते. टेपला कुठेही छेद गेला की हवा आधी त्या पोकळीत शिरते आणि मग वाट मिळेल तिथून बाहेर पडते: एखाद्या निपलपाशी, रिमच्या सांध्यातून, नाहीतर व्हॉल्व्हच्या नटाखालून. म्हणजे बुडबुडे दिसले तिथेच टेप फाटली असेल असं नाही. व्हॉल्व्हच्या नटाखाली बुडबुडे आले तर नट हातानं थोडा आवळून बघा. बंद झाले तर व्हॉल्व्हचं रबर नीट टेकलेलं नव्हतं. तसेच राहिले तर टेप बदला. नट पकडीनं मात्र कधीच आवळू नका. रबर चेपून वेडंवाकडं बसतं, आणि रस्त्यात ट्यूब टाकायची वेळ आली की तो नट हातानं सुटत नाही.

टेपचं काम घाईनं होत नाही. रिमची आतली रुंदी ३० मिमी असेल तर टेप ३२ ते ३४ मिमीची घ्या. ती दोन्ही बाजूंच्या बीडच्या बैठकीवर पूर्ण पसरली पाहिजे, पण रिमच्या भिंतीवर चढता कामा नये. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काढा. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि नवी टेप धरत नाही. व्हॉल्व्हच्या भोकाच्या वीतभर आधी सुरुवात करा, टेप ताणून ओढत, अंगठ्यानं मधल्या खोलगट भागात दाबत न्या आणि भोकाच्या वीतभर पुढे संपवा. म्हणजे भोकावर दुहेरी थर येतो. भोक ब्लेडनं फुली मारून पाडू नका, ती चीर पुढे वाढत जाते. तापवलेल्या दाभणानं पाडा, कड वितळून गोल राहते. मग ट्यूब घालून रात्रभर हवा भरून ठेवा, टेप चिकटून बसते. इलेक्ट्रिशियनची काळी टेप अजिबात नको. इंदूरच्या मे महिन्यात तिचा गोंद पातळ होतो आणि टेप सरकते.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. लॅटेक्सच्या सीलंटमधलं पाणी टायरमधून हळूहळू उडतं, आणि मार्च ते जूनच्या कोरड्या हवेत फारच लवकर. बाटलीवर लिहिलेले महिने इथे धरू नका, उन्हाळ्यात दर चार-पाच आठवड्यांनी तपासा. व्हॉल्व्ह अगदी खाली आणा, हवा सोडा, कोअर काढा आणि केबल टाय आत घालून बघा. टोकाला ओलं सीलंट लागलं तर ठीक. कोरडंच बाहेर आलं, किंवा चाक हलवल्यावर आत रबराचे गोळे गडगडले, तर भरायची वेळ झाली. २९ इंची, २.३ इंच रुंद टायरला १०० ते १२० मिली, नवा टायर असेल तर २० मिली जास्त. आधीच्या सीलंटपेक्षा वेगळ्या जातीचं त्यात मिसळू नका. मोटरसायकलच्या टायरचं घट्ट जेलही नको.

टायर रिमवर चढून बसत नसेल तर कोअर काढून टाका, हवेला मोठी वाट मिळते. बीडला साबणाचं पाणी लावा आणि टायर सगळीकडून रिमच्या भिंतीकडे ओढून घ्या. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असेल तर धूळ उडवायची नळी उघड्या व्हॉल्व्हवर धरून छोटे छोटे झटके द्या. तिथला नेहमीचा हवेचा पाइप आपल्या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही, त्यासाठी पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. तो मात्र कोअर जागेवर असतानाच बसतो. बीड बसताना फट्-फट् आवाज येतो. नंतर टायरवरची रिमलगतची बारीक रेघ चहूकडे सारख्या अंतरावर आहे ना, ते बघा.

आता काटे. इंदूरजवळ चोरल, सिमरोळ, जानापाव, कुठेही जा, पावसाळा संपला की सराटे वाळून कडक होतात, आणि बाभळीचे काटे तर बाराही महिने आहेत: सरळ, पांढुरके, जोडीजोडीनं आलेले. काटा दिसला की तो ओढून भोक लगेच खाली करा, सीलंट तिथे जमलं पाहिजे. दहा-पंधरा सेकंद सूं-सूं होतं, पांढरा थेंब बाहेर येतो आणि घट्ट होतो. सीलंट सुकलेलं असल्याची शंका असेल तर मात्र काटा घरी येईपर्यंत तसाच राहू द्या, तोच बूच आहे.

भोक तीन मिमीच्या पुढे गेलं की प्लग, म्हणजे भोकात कोंबायची चिकट रबरी पट्टी, लागतो. १.५ आणि ३.५ मिमीच्या पट्ट्या येतात, दोन्ही जवळ ठेवा. पट्टी प्लगच्या सुईनं दोन-तृतीयांश आत सारून सुई झटक्यात बाहेर ओढा. मोटरसायकलची जाड दोरी आणि तिच्याबरोबरचा कानशीसारखा टोच्या सायकलच्या टायरला लावू देऊ नका. टायरच्या पातळ कापडाचे धागे तुटतात आणि भोक दुप्पट होतं.

माळव्याच्या पठाराचा दगड बेसाल्ट आहे. तो धारदार फुटतो आणि टायरची भिंत चिरतो. भिंत सतत दुमडत असल्यामुळे तिथे सीलंट टिकत नाही, प्लगही फार काळ राहत नाही. ठिगळ आतूनच लावायचं. आधी वाळलेल्या लॅटेक्सचा थर पूर्ण खरवडून काढा, ठिगळ त्याच्यावर चिकटत नाही. साबणानं धुऊन वाळवा, सॅंडपेपर मारा, सोल्युशनचा पातळ थर द्या, पाच मिनिटं थांबा आणि बोटाला चिकटेनासं झालं की दाबा.

रस्त्यात सीओटूची कुपी (टायर झटपट भरायची कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी) वापरलीत तर घरी आल्यावर आतलं सीलंट तपासा, त्या वायूनं बऱ्याच लॅटेक्स सीलंटच्या गुठळ्या होतात. आणि तो वायू रबरातून लवकर निसटतो, त्यामुळे पंपानं हवा बदला.

प्लग टिकला नाही तर शेवटी ट्यूब. व्हॉल्व्ह काढा, पण ट्यूब लगेच कोंबू नका. महिनोन् महिने सीलंटनं बंद केलेल्या काट्यांची टोकं टायरच्या आत तशीच उभी असतात, वीसेक तरी निघतात. बोटं फिरवू नका, रुमाल फिरवा. रुमाल जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो पकडीनं उपटा आणि रुमाल परत उलट्या दिशेनं फिरवा, कारण तिरके काटे एका बाजूनं अडकतच नाहीत.