ली-एनफिल्डच्या भागांवरचे छाप

ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचा कोणता भाग कोणत्या कारखान्यात बनला, हे त्यावरच्या छापावरून ओळखता येते. आधी बोल्ट मागे ओढून चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याची खात्री करा. पहिल्या महायुद्धातल्या एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) रायफलीचा कारखाना बटच्या सॉकेटवर, म्हणजे लाकडी दस्ता बसतो त्या धातूच्या खोबणीवर, उजव्या बाजूला दिसतो: मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव (इंग्लंडमधले एनफिल्ड किंवा बीएसए, ऑस्ट्रेलियातले लिथगो), आणि साल. बंगालमधल्या इशापूरच्या रायफलींवर ‘जीआरआय’ (जॉर्ज, राजा आणि सम्राट) असते, कारण ब्रिटनचा राजा जॉर्ज भारतात सम्राटही होता.

पण हे झाले फक्त बॉडीचे. दुरुस्तीत सुटे भाग सर्रास बदलले जात, म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासावा. नंबर ४ या नंतरच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या मॉडेलवर चौकटीतला ‘एस’ म्हणजे अमेरिकेतली सॅव्हेज, ‘एलबी’ म्हणजे कॅनडातली लाँग ब्रांच. ‘एम ४७ सी’ हा बीएसएच्या शर्ली कारखान्याचा युद्धकाळातला संकेतांक. एसएमएलईच्या भागांवरचा ‘एमए’ लिथगोचा, ‘ओए’ ऑस्ट्रेलियातल्याच ऑरेंज गावच्या उपकारखान्याचा.

सर्वांत जास्त घोटाळा मुकुट, आकडा आणि ‘ई’ या छापाने होतो. तो एनफिल्डच्या तपासनिसाचा असतो, म्हणजे तपासणीची खूण. रुंद बाण सरकारी मालकी दाखवतो, कारखाना नव्हे.

पुसट छापावर पॉलिशपेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात नको. उथळ अक्षर कायमचे जाते. तेलाच्या सुती फडक्याने मळ काढा, कोरडे पुसा, पांढरा खडू चोळा आणि टॉर्च तिरपा धरा.