कुडल संगमला जाताय? तारेचा ब्रश घरीच ठेवा

हत्तरसंग कुडल सोलापूरपासून साधारण 40 किलोमीटरवर. विजापूर रस्त्याने निघायचं आणि पुढे आत वळायचं. भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही मंदिरं आहेत. हिवाळ्यात सकाळी लवकर पोचा. पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडल्याची बातमी असेल तर बेत पुढे ढकला.

आमचा छोटा गट तिथे गेला तो राखणीच्या कामाला. काय नव्याने बिघडलंय ते पाहायचं, नोंदवायचं आणि येणाऱ्यांशी बोलायचं, एवढंच हे काम. पण ते नेमाने करणारी माणसं फार थोडी आहेत.

संगमेश्वराच्या तुळईवर शके 940, म्हणजे 1018 सालचा लेख आहे. 'वाछि तो विजेया होईवा', वाचेल तो विजयी होईल, असं त्यात म्हटलंय. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शिलालेख दिसला की अक्षरं उठावीत म्हणून लोक त्यात खडू, पीठ नाहीतर रांगोळी भरतात. कृपा करून हे करू नका, कुणी करत असेल तर थांबवा. घासून घासून अक्षरांच्या कडा जातात. त्यापेक्षा टॉर्च दगडाच्या बाजूने तिरपा धरा, सावली पडते आणि अक्षर स्वच्छ वाचता येतं.

हरिहरेश्वरातलं 359 मुखांचं शिवलिंग 1999 साली मातीखालून निघालं. ते डोळे भरून बघा, हात लावू नका.

एका खांबाच्या गुळगुळीत अंगावर खिळ्याने कोरलेला बदाम आणि दोन नावं दिसली. कोरलेल्या जागी दगड पांढरट होता, शेजारचं जुनं नाव मात्र काळपट पडलेलं. म्हणजे ही जखम अलीकडची. शेजारी पट्टी धरून फोटो घेतला. तारीख, खांबाची दिशा आणि जमिनीपासूनची उंची वहीत टिपली. दर वेळी त्याच खांबाचा त्याच जागेवरून फोटो घेतलात तर नवा ओरखडा लगेच कळतो, आणि तक्रारीला पुरावाही होतो.

परतीच्या वाटेवर एका गावात पाराजवळ वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड दिसला, हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेला. खाली लढणारा वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. अप्सरांचे चेहरे रंगात पार बुजलेले. पारावर बसलेले मामा म्हणाले, "देव तसाच उघडा ठेवायचा व्हय? भक्तीनं लावलंय की." त्यांच्यावर चिडून काय मिळणार? हा दगड लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा, असं सांगत एकेक टप्पा दाखवला. मामा वाकून बराच वेळ बघत राहिले. "आता नुसता हारच घालू मग," म्हणाले. फलकापेक्षा अशा बोलण्याचा उपयोग जास्त होतो, असं माझं ठाम मत आहे.

तो रंग मात्र आपण काढायचा नाही. थिनर, ॲसिड, तारेचा ब्रश यांनी रंगाबरोबर दगडाचा वरचा थरही निघतो; ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांचं. भिंतीत रुजलेला पिंपळही उपटू नका, मुळांबरोबर चिरे हलतात. प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीची पाकिटं गोळा करायला कुणाची हरकत नसते, तरी पुजाऱ्यांना विचारूनच हात घाला.

केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर 1958 च्या कायद्याने, 2010 च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सोलापूरचा भुईकोट किल्ला याच यादीत आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी 1960 चा वेगळा कायदा आहे. गुप्तधनासाठी खोदलेला ताजा खड्डा दिसला तर त्यात उतरू नका, लोकांशी वाद घालू नका. लांबून फोटो घ्या आणि 112 ला फोन करा. बाकीच्या नुकसानीचा अर्ज पुरातत्त्व खात्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी द्या, पोच घ्या.

भाकरी, शेंगाचटणी आणि भरपूर पाणी घरूनच न्या. जेवायला मंदिरापासून लांब बसा आणि कचऱ्याची पिशवी परत घेऊन या.