ब्लूबेरीच्या डबीपेक्षा जांभळाचा वाटा बरा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या ब्लूबेरीचं खूळ आलंय. शुगर उतरते, पोट सुधारतं, काय काय फॉरवर्ड येतायत. क्रॉफर्ड मार्केटला त्या इवल्याशा डबीचा भाव विचारून बघा एकदा, घामच फुटतो.

आता यात तथ्यच नाही असं नाही हां. बेरीला गडद रंग देणारं अँथोसायनिन आणि त्याच्या जोडीची पॉलिफेनॉल्स (झाडापानांतली अशीच संयुगं), ही स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइम्सना थोडी आडवी येतात, म्हणजे पाव-भाताची साखर रक्तात धाडकन न जाता जरा दमानं जाते. डायबेटिसवर अकार्बोजची गोळी असते ना, ती पण याच ठिकाणी काम करते, फक्त तिचा जोर कितीतरी जास्त. अमेरिकेत २०१० ला एक ट्रायल छापून आली, ६ आठवडे रोज दोनदा ब्लूबेरी पावडर घातलेली स्मूदी, आणि इन्सुलिन खरंच बरं लागू पडायला लागलं. पण माणसं किती, तर ३२! त्यातल्या निम्म्यांना तर साधी स्मूदी. एवढी तर आमच्या एका विंगेत राहतात.

मला जास्त मजा वाटते ती पोटातल्या बॅक्टेरियांची. हे अँथोसायनिन वरच्या आतड्यात फारसं शोषलंच जात नाही, बरंचसं तसंच मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले बॅक्टेरिया ते फोडून त्याचे बारीक तुकडे करतात, मग ते रक्तात जातात. सोबतचा फायबर आंबवून ते ब्युटिरेट बनवतात, ज्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. प्रत्येकाच्या पोटातली ही वस्ती वेगळी, त्यामुळे शेजारणीला फरक पडला म्हणून तुम्हाला पडेलच असं नाही.

आणि हाच जांभळा रंग आपल्या जांभळात पण आहे की! पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला तर जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. जूनमधे दादरला पानावर मांडलेला वाटा घ्यायचा, मीठ भुरभुरवून साल-गर सगळं चावून खायचं, जीभ जांभळी आणि घसा तुरट होईपर्यंत. ज्यूस नको, गाळला की फायबर गेला आणि साखर तेवढी उरली. स्ट्रॉबेरी विथ क्रीमबद्दल तर बोलायलाच नको, महाबळेश्वरला जाऊन खा पण औषध म्हणून नको.

जांभळाच्या बियांच्या पावडरीचं मात्र जपून. उंदरांवर बरंच काम झालंय, माणसांवर त्यामानाने थोडंच. आईच्या भजनी मंडळातल्या एक काकू गोळ्या बंद करून तीच खात होत्या, डॉक्टरांनी चांगलं झापलं. आईला मी सांगून ठेवलंय, वाटीभर जांभळं खा पण गोळी चुकवू नकोस, आणि खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटर लावून बघ, तुझं तुलाच कळेल.