मापाची उशी

श्रावण सरला की बडोद्यात शिवणकाम करणाऱ्या बाईची मान जी खाली जाते ती थेट दसऱ्याला वर येते. चनिया-चोळ्यांचे घेर, त्यांवरची आभलं, लेस, पाठीच्या दोऱ्या, सगळ्याजणींना सगळं पहिल्या गरब्याच्या आधी हवं असतं. दांडियाबाजारात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे आणि हा हंगाम मला मनापासून आवडतो. मान-खांदे दुखायचे, पण दिवाळीपर्यंत आपोआप मोकळे व्हायचे. गेल्या वर्षी झाले नाहीत. दिवाळी गेली, लग्नाचे ब्लाऊज सुरू झाले, आणि सकाळी उठल्यावर डावीकडे बघायचं तर कमरेपासून वळावं लागायला लागलं.

एक गोष्ट मला लवकर जाणवली. दुखणं सकाळी सगळ्यांत जास्त असायचं आणि दहा-अकराला, म्हणजे मी मशीनवर बसून तासभर काम केल्यावर, उलट कमी व्हायचं. नुसतं शिवणामुळे असतं तर संध्याकाळी वाढायला हवं होतं. रात्री झोपेत काहीतरी होत होतं, आणि झोपेत मानेखाली असते ती उशी.

दांडियाबाजारात मान धरली की जुन्या घरांतून पहिलं नाव निघतं जुम्मादादा व्यायाम मंदिराचं. ते चालवणारे प्रोफेसर माणिकराव व्यायामाइतकेच हाडं-सांधे बसवण्याच्या विद्येसाठीही ओळखले जात. सासूबाईंनीही तेच नाव काढलं. पण माझी मान लचकली नव्हती, कुठे पडले नव्हते, हळूहळू आखडत गेली होती. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रेत वयाप्रमाणे थोडी झीज दिसली. डॉक्टर म्हणाले, दुखत नसलेल्या माणसांच्याही एक्स-रेत या वयात असं दिसतं, त्याचा धसका घेऊ नका. हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, सुई धरताना पकड सुटते का, हे त्यांनी दोन-दोनदा विचारलं. तुम्हाला यातलं काही होत असेल तर उशीच्या मागे लागू नका, आधी डॉक्टर गाठा.

मला त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. ती मुलगी लेकीच्या वयाची, पण शिकवण्याची हातोटी अशी की ऐकत राहावं. तिने बोट ठेवून दाखवलं: मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याला येऊन मिळणारा एक स्नायू असतो, मान वळवताना अडतो तो हाच. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते सरळ असेल तर मान ते सहज पेलते, पण जसजसं पुढे झुकेल तसा मानेवरचा भार वाढत जातो. 2014 साली न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने गणित मांडलं होतं, त्यात साठ अंश मान झुकवली की भार सत्तावीस किलोच्या घरात जातो. हूक लावताना, आभलं टाकताना मी तितकीच झुकते. दिवसभर ओढ सहन केलेल्या त्या स्नायूला रात्री सैल पडायची संधी मिळायला हवी. उशी चुकीच्या उंचीची असेल तर तो रात्रभर एका बाजूला ताणलेला किंवा आखडलेला राहतो.

"आंटी, तुम्ही कुशीवर झोपता ना? मग कान आणि खांद्याचं टोक यांच्यामधली जागा उशीने बरोबर भरली पाहिजे. जास्त नाही, कमी नाही."

हे वाक्य ऐकलं आणि मला एकदम सगळं माझ्या ओळखीच्या प्रांतात आल्यासारखं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींचा खांदा एका मापाचा नसतो. रेडिमेड ब्लाऊज बसत नाही म्हणून बायका मुंढा, छाती, खांदा मापून घेतात, आणि ज्या उशीवर आयुष्याचा तिसरा हिस्सा जातो ती मात्र दुकानातून हाताने दाबून, मऊ लागली की उचलतात. अरुंद खांद्याच्या बाईला आणि तिच्या रुंद खांद्याच्या नवऱ्याला जोडीने एकसारख्या दोन उश्या!

तरी बाजारात काय मिळतं ते आधी पाहिलंच. मंगळबाजारापासून अलकापुरीतल्या गाद्यांच्या मोठ्या शोरूमपर्यंत फिरले. फायबरच्या उश्या हलक्या, धुता येतात, पण डोक्याखालचा भाग लवकर बसतो आणि कडा फुगलेल्या राहतात. लॅटेक्सची उशी चांगली उसळती, उंची टिकवणारी, पण तिची उंची कारखान्यातच ठरलेली, आणि मला हव्या त्या उंचीची मिळेना. मेमरी फोमबद्दल सगळेच भरभरून बोलतात. हा फोम 1966 मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासासाठी, विमानातल्या आसनांकरता तयार केला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि आकार घेतो, हा त्याचा गुण. थंडीत तोच कडक लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि रात्री भिंतीही गरम असतात. त्या दिवसांत तो इतका मऊ पडतो की डोकं खोल जातं आणि मानेला घाम येतो. माझ्या लेकीने पुण्यात एसीच्या खोलीत तीच उशी वापरली आणि तिला ती उत्तम मानवली. म्हणून मी फोमला वाईट म्हणणार नाही. माझ्या खोलीला आणि माझ्या खांद्याला तो चालला नाही, एवढंच.

मानेखाली उंचवटा आणि डोक्याखाली खळगा असलेल्या उश्याही पाहिल्या. कल्पना योग्य आहे, कारण मानेला आतल्या बाजूने बाक असतो आणि उताणं झोपल्यावर तिथली पोकळी भरायला हवी. पण तो उंचवटा माझ्या मानेला न लागता कवटीच्या कडेला लागत होता. त्यापेक्षा जुन्या पंचाची सुरळी अभ्र्यात खालच्या कडेला सरकवली तर हवी तेवढी जाड-बारीक करता येते. हा उपाय आजही माझ्या उशीत आहे.

मग मी माप घेतलं. टेपने नाही, कारण खांदा गादीत किती रुततो हे टेपला कळत नाही. आमची कापसाची गादी कडक, तिच्यावर खांदा फारसा रुतत नाही, म्हणून उशी उंच लागते. मऊ फोमच्या गादीवर खांदा आत जातो, तिथे तीच उशी उंच पडते. (पाहुणे म्हणून गेल्यावर मान अवघडते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.) तेव्हा माप आपल्याच गादीवर घ्यायचं. मी अस्तराच्या कापडाचे एकसारखे चौकोन करून घड्या घातल्या, कुशीवर झोपले, आणि लेकीला एक-एक घडी डोक्याखाली सारायला सांगितली. सरळ रेषा ओळखायची कशी? मानेच्या तळाशी जो मणका हाताला ठळक लागतो त्यावर एक टिकली लावली, एक त्याच्या वर केसांच्या रेषेशी, एक दोन फऱ्यांच्या मधे. मागून मोबाइलवर फोटो. घड्या कमी होत्या तेव्हा वरची टिकली गादीकडे झुकलेली, जास्त झाल्या तेव्हा छताकडे. तिन्ही एका ओळीत आल्या तेव्हा दाबलेल्या घड्यांची उंची भरली साडेचार इंच. पुढून पाहिलं तर नाक आणि छातीचं मधलं हाडही त्याच ओळीत होतं. उताणं झोपून तसंच केलं तेव्हा अडीच इंचच पुरले. हनुवटी छातीकडे ढकलली जाता कामा नये आणि छताकडे उडताही कामा नये.

दोन मापं आली आणि झोपेत तर आपण कूस बदलतो. हा प्रश्न सोडवला पिंजाऱ्याने.

पाणीगेटच्या बाजूला एक चाचा आहेत. वडिलांच्या हातची धनुकली आणि मोगरी त्यांनी भिंतीवर टांगून ठेवली आहे, काम आता पिंजायच्या मशीनवर चालतं. माझ्या सासूबाईंच्या लग्नातल्या गाद्या त्यांच्या वडिलांनी भरल्या होत्या. मी कागदावर आकृती काढून नेली होती: उशीचे उभे तीन कप्पे, कडेचे दोन उंच, मधला सखल, कप्प्यांच्या मधे टाक्यांच्या ओळी. चाचांनी आकृती नीट पाहिली, मला पाठीवर कसं झोपता, कुशीवर कसं झोपता ते विचारलं आणि म्हणाले, "बेन, रू दबाशे." साडेचार इंच हवेत तर सहा इंच भरायचे, काही आठवड्यांत कापूस बसून आपल्या जागेवर येतो. शिवाय एका बाजूची शिवण कच्ची ठेवायची, म्हणजे घरी मूठभर काढता-घालता येईल. तीस वर्षं मी ब्लाऊजला आत मार्जिन ठेवत आले आहे. उशीला मार्जिन ठेवणारा माणूस मला भेटला याचा झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

कापसाबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. आपल्या गुजरातचा शंकर-6 हा लांब धाग्याचा, त्याचं सूत सुंदर निघतं, पण उशीत तो गुठळ्या धरतो, असं ते म्हणतात. उशीसाठी त्यांना वागडचा देशी कापूस हवा, आखूड आणि जाडसर, दाबला की परत उठतो. कडेच्या दोन कप्प्यांत तोच भरला. मधल्या कप्प्यासाठी त्यांनी सावरीचा कापूस सुचवला, इकडे ज्याला शीमळो म्हणतात. फाल्गुनात लाल फुलांनी झाड भरतं आणि उन्हाळ्यात बोंडं फुटून हा कापूस उडू लागतो. तंतू इतके गुळगुळीत की त्यांचं सूत धड निघत नाही, म्हणून आम्हा कापडवाल्यांना त्याचा उपयोग नाही, पण तंतू आतून पोकळ, त्यामुळे हलका. सावरीच्याच जातकुळीतल्या कापसाने पूर्वी बोटींवरची तरंगण्याची जाकिटं भरत. उशीत तो थंड आणि मऊ, उंची मात्र फार धरत नाही, आणि मधल्या कप्प्याला मला नेमकं तेवढंच हवं होतं.

खोळ मी स्वतः शिवली, गादीपाटाची, दुहेरी शिवणीची. चाचांनी दाभणाने कप्पे टाकले. मजुरी आणि कापूस धरून जो खर्च आला तो शोरूममधल्या मधल्या दर्जाच्या उशीपेक्षा कमीच होता.

उशी वापरताना एक पथ्य मी सोडत नाही: खांदा उशीवर येऊ द्यायचा नाही. उशीवर फक्त डोकं आणि मान, खांद्याचं टोक उशीच्या कडेला टेकलेलं. खांदा वर चढला की सगळं माप वाया जातं. कुशीवर झोपताना छातीशी एक छोटा लोड धरते, नाहीतर वरचा हात पुढे पडतो आणि त्या बाजूचा फरा रात्रभर ओढला जातो. पालथं झोपणाऱ्यांची मान तासन्‌तास एका बाजूला वळलेली राहते, त्यांना कोणतीच उशी पुरी पडणार नाही. त्यांनी कुशीवर यायचा प्रयत्न करावा. दिवसा हनुवटी सरळ मागे घेण्याचा आणि दोन्ही फरे पाठीमागे जवळ आणण्याचा व्यायाम, मशीनखाली लाकडी ठोकळे घालून वाढवलेली उंची, सुईजवळ आणलेला दिवा, हेही सगळं चालू आहे.

फरक एका रात्रीत पडला नाही. आधी सकाळचा ताठरपणा कमी वेळ टिकू लागला, मग डावीकडे मान वळायला लागली, मग एके दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारणीने मागून हाक मारली आणि मी नुसती मान वळवून ओ दिली. हिवाळ्यात अजून कधी कधी खांदा जड होतो. उशी महिन्यातून एकदा उन्हात टाकते, दोन्ही बाजूंनी, आणि वर्ष-दीड वर्षाने कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा असं चाचांनी बजावलं आहे.

आता सासूबाईंची बारी आहे. म्हाताऱ्या माणसाला पातळ उशी द्यावी असं सगळेजण सांगतात आणि त्याही वर्षानुवर्षं चपटी उशी घेऊन झोपतात. पण त्यांच्या पाठीला पोक आलं आहे. पातळ उशीवर उताणं झोपलं की पोकामुळे पाठ वर उचललेली राहते आणि डोकं मागे पडतं, हनुवटी छताकडे जाते. सकाळी मान दुखते म्हणतात त्यात नवल काय! टिकल्या लावायला त्यांनी हसून नकार दिला, म्हणून बाजूने फोटो काढून कान आणि खांद्याची रेषा पाहिली. त्यांना उताणं झोपायलाच जवळजवळ चार इंच लागतात, आणि पाठीकडे उतरती कड, म्हणजे पोकाच्या वरच्या भागालाही टेका मिळेल. चाचांना आकृती दाखवून झाली आहे. त्यांचं म्हणणं, हिच्यात सावर नको, सगळा वागडचाच भरू, आजींना उठता-बसता हाताने दाबायची सवय असेल. तशी सवय त्यांना आहेच. गादीपाट कापून ठेवला आहे, गुरुवारी शिवायला घेते.