दगड, सुती दोरा आणि सस्क्वेहानाचे खडक: ट्रिपआधीचा अपडेट

जमलं! शनिवारी संध्याकाळी मासे धरताना तीन तासांत फक्त एक जिग (शिशाचं डोकं असलेला वजनदार गळ) खडकात अडकून गेला. त्याच जागी दोन आठवड्यांपूर्वी चौदा गेले होते आणि मी सात वाजताच सामान गुंडाळून घरी आलो होतो, म्हणून आधी हे सांगतो, आपल्या मासेमारीच्या ट्रिपचं नंतर.

जागा तुम्हाला माहितीच आहे, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ सस्क्वेहाना नदीवर, डॉफिन नॅरोजच्या खालचं पाणी, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीची ती छोटी प्रतिकृती उभी आहे तिथून फोर्ट हंटरकडे येताना. इथे खडकाचे थर नदीला आडवे पडलेत, एकामागे एक पायऱ्यांसारखे. दिवसा स्मॉलमाउथ (बास जातीचे मासे) धारेत वरच्या बाजूला असतात, तिथे ट्यूब किंवा नेड रिग (जिगवर लावलेली रबरी आमिषं) चालतो, अडकला तरी वर वल्हवत जाऊन उलट्या बाजूने ओढला की बहुतेक वेळा सुटतो. वॉलाय हे दुसरे मासे मात्र अंधार पडायला लागला की त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी खोल पाण्यात फिरतात, आणि नेमकं तिथेच धार जिगला ढकलत नेऊन पुढच्या कपारीत बसवते. हॅरिसबर्गचा गेज (नदीची पातळी मोजणारं माप) ३.४ फुटांवर होता. १/८ औंसाचा जिग तळाला पोचतच नव्हता, १/४ पोचला की गेलाच. पातळ तारेचे गळ पण आणून बघितले, सरळ होऊन सुटतात म्हणून. गळ सरळ होतो खरा, पण जिगचं डोकंच कपारीत अडकलं असेल तर त्याचा काय उपयोग. शिवाय ऑनलाईन मागवलेलं ते पाकीट निम्मं गंजलेलं निघालं, परत तिथून घेणार नाही. आपला गावातला आमिषवाला चार पैसे जास्त घेतो पण गळ हातात घेऊन बघू देतो, आणि गांडुळं कायम ताजी.

तर रविवारी चिपळूणला मामाला फोन केला, तो आयुष्यभर वाशिष्ठीत गरवत आलाय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, खडकात शिसं कशाला घालवतोस? दगड बांध. नि कच्च्या दोऱ्याने बांध, अडकला तर दगड जाईल, गरी तुझ्याकडे येईल." मी म्हटलं मामा, तू हे मला लहानपणी का नाही सांगितलंस, तर म्हणे तेव्हा तुझं लक्ष खेकड्यांकडे असायचं.

वाटतं तितकं सोपं नाहीये पण. पूर्ण आठवडा यातच गेला. रिग (गळाची मांडणी) असा: थ्री-वे स्विव्हल (तीन कड्यांची फिरती जोडणी), एका कडीला १५ पाउंडाची ब्रेड (विणलेली मुख्य दोरी), दुसरीला दीड फूट फ्लुरोकार्बन लीडर (गळापर्यंतचा पारदर्शक दोरा) आणि टोकाला फ्लोटिंग जिग, त्यावर अर्धं गांडूळ, तिसऱ्या कडीला आठ इंच दोरा आणि दगड. जिग तरंगतो म्हणून तळापासून थोडा वर राहतो, तळाला लागतो तो फक्त दगड.

पहिला घोळ दोऱ्याचा. घरातला शिवणाचा दोरा पॉलिस्टरचा निघाला, तो तुटेचना, लीडर आधी तुटला. मग आईकडचा गोधडीचा दोरा घेतला (ती सहा महिन्यांसाठी आलीये), तो सुती आहे पण जाड, बॅगा तोलायच्या काट्यावर ओढून बघितला तर दहा पाउंडाला पण टिकला. शेवटी साधा सुती शिवणदोरा आणला. एकपदरी दोन पाउंडाच्या आसपास तुटतो, म्हणजे फेकतानाच दगड एकीकडे आणि जिग दुसरीकडे. दुपदरी चारच्या जवळपास, आणि तोच बरोबर बसला. फक्त फेकताना झटका द्यायचा नाही, खालून झोका देऊन सोडायचं. सुती हवाच, कारण दगडाबरोबर जे नदीत राहणार ते कुजून गेलं पाहिजे. कुणी दगडाऐवजी वजनाला जुने स्पार्क प्लग वापरतात, मला ते पटत नाही, आपण ज्या पाण्यात उतरतो तिथे लोखंड आणि चिनीमाती टाकत सुटायचं हे बरोबर नाही.

दुसरा घोळ दगडाचा. गोल दगड गाठीतून निसटतो. चपटा बांधायला छान, पण धारेत पतंगासारखा वर उठतो आणि भिरभिरतो, लीडरला सगळा पीळ. लांबुडका, बोटाएवढा, एका टोकाला कंगोरा असलेला दगड लागतो, दोरा त्या टोकाला बांधायचा, मग तो तळावर उभा उभा टकटक करत जातो. ती टकटक रॉडमध्ये हाताला लागते तेव्हा काय वाटतं सांगू! शनिवारी नऊ दगड गेले, दोरा प्रत्येक वेळी जागेवर तुटला. आणि साडेआठला, टकटक थांबली आणि मला वाटलं अडकला, पण अडकलेलं हळूच बाजूला सरकलं. एकोणीस इंचांचा वॉलाय. हेडलॅम्पच्या उजेडात त्याचा डोळा मांजरासारखा चमकला, त्या आतल्या चकाकत्या पडद्यामुळेच त्यांना अंधारात दिसतं आणि म्हणूनच आपल्याला एवढं जागायचं. मोजला, सोडला.

आता ट्रिप. आधीचा प्लॅन सकाळी डंकननजवळून निघून फोर्ट हंटरपर्यंत पूर्ण तरंगत यायचा होता. पण या पाण्यात कयाक अर्धा वेळ खडकावरून ओढावी लागते, आणि वॉलायच्या जागी पोचेपर्यंत हात गळालेले असतात. म्हणून सकाळ रद्द. दुपारी तीनला फोर्ट हंटरलाच उतरायचं, कडेकडेने वर वल्हवायचं, सातपर्यंत बास (म्हणजे स्मॉलमाउथ), मग वॉलाय. बास सगळे सोडायचे, २००५ साली इथली लहान पिल्लं कशी मेली ते आठवलं की माझा तरी हात होत नाही. वॉलाय ठरलेल्या आकाराचा असला तर ठेवता येतो, पण श्रावण संपेपर्यंत घरात मासा नाही असं आईने बजावलंय आणि मग लगेच गणपती, त्यामुळे यंदा तेही सोडायचे. म्हणजे कूलर नको. हे लिहिता लिहिता लक्षात आलं की कूलरच्या जागी दगडांची बादली बसते, आणि बांधून तयार दगड अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवले तर दोरे गुंतणार नाहीत. आजच ट्रे शोधतो.

अजून एक. पाण्यातलं गवत तुटून वाहायला लागलंय, स्विव्हलवर गुंता होतो. स्विव्हलऐवजी नुसती गाठ मारून फाटा काढला तर गवत धरायला जागाच कमी, ते बुधवारी बघतो. गेज चार फुटांच्या वर गेला किंवा पाणी गढूळ झालं तर पुढचा शनिवार. ज्यांना यायचंय त्यांनी लाइफ जॅकेट आणि हेडलॅम्प आणा, दगड मी आणतो, चाळीस बांधून ठेवतोय.