रोडकिंग अपडेट: जाम झालेला प्लग शेवटी निघाला

कार्बोरेटर साफ करून झाला त्यानंतर माझ्या येझडी रोडकिंगचं, म्हणजे जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलचं, सगळं काम एका स्पार्क प्लगवर अडकून बसलेलं, ते आता सुटलंय. प्लग निघाला, हेडचे (सिलिंडरचं वरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) आटे शाबूत आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जुन्या गाड्यांत प्लग असाच आवळून बसलेला असणार, फक्त अजून कुणी काढायला गेलेलं नाही.

गाडी बेळगावजवळ खानापूर साइडला एका शेडात पडून होती आणि तिकडचा पाऊस काय असतोय ते सांगायला नको. प्लगच्या नटावर गंज, भोवतीच्या खाचेत माती. टूलकिटातला नळीसारखा प्लग पाना लावला तर प्लग जागचा हलेना, पानाच पिळायला लागला. इथं लोक दांडीवर पाइप चढवतात आणि वाट लावतात. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग स्टीलचा, मग जोर केल्यावर कोण हरणार ते ठरलेलंच, हेडचे आटे प्लगला गुंडाळून बाहेर येतात नाहीतर प्लगच मोडतो आणि बूड आत राहतं. येझडीची म्हैसूरची फॅक्टरी १९९६ लाच बंद झाली, तेव्हा चांगलं हेड शोधत फिरायची माझी तरी तयारी नव्हती.

आधी ब्रशनं आणि कंप्रेसरच्या हवेनं खाच साफ केली. हे टाळू नका, टू-स्ट्रोक आहे, प्लग निघाल्यावर आत पडलेली माती पोर्टातून थेट क्रँकपर्यंत जाते. मग गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं, सकाळी परत मारलं. पाना सहा कोनी सॉकेटच घ्या, बारा कोनी सॉकेट असल्या गंजक्या नटाचे कोपरे खातो. बेळगावच्या उद्यमबागेत ओळखीचे एक लेथवाले मेस्त्री आहेत, त्यांना फोन केला तर पहिला प्रश्न, "काय करूलास गा, लगेच उलटा फिरवूलास काय?" त्यांचं म्हणणं, आधी केसभर आवळायच्या दिशेला ढकल, गंज फुटू दे, मग सोड. आवळून बसलेला प्लग आणखी आवळायचा म्हणजे पोटात गोळाच येतो, पण झटका न देता हळू दाब दिला आणि कट् करून आवाज आला.

त्याआधी हीट गननं हेड कोमट केलं होतं, हात जेमतेम ठेवता येईल इतपतच. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळं पकड थोडी सैल होते. चालू करून तापलेल्या इंजिनावर मात्र हे करू नका, गरम आटे मऊ असतात. पुढं पाव आटा सोडायचा, कुरकुरला की थांबून परत आत, थोडा स्प्रे, परत बाहेर. कंटाळवाणं काम आहे, चहा दोनदा झाला.

आणि प्लग हातात आल्यावर खरी गंमत कळली. वॉशरच नव्हता! आधीच्या कुणीतरी वॉशरशिवाय बसवलेला, मग कंप्रेशन लीक होतंय म्हणून आवळ, अजून आवळ. आता वॉशर नाही म्हटल्यावर प्लग त्याच्या जाडीइतका जास्त आत जातो, शेवटचे आटे पेट्रोल जळतं त्या चेंबरमध्ये उघडे पडतात आणि त्यांच्यावर कार्बन चढतो. म्हणून तर तो शेवटपर्यंत कुरकुरत आला. गॅस अडवायचं काम दाबल्या जाणाऱ्या वॉशरचं आहे, आपल्या मनगटाचं नाही, हे गॅरेजातल्या पोरांना कोण सांगणार.

मग हेडच उतरवलं. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, नट काढले की हेड हातात, आणि कचरा आत पडायची भीतीच नाही. आट्यांतून १४ बाय १.२५ चा (१४ मिमी व्यास, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर) थ्रेड चेसर फिरवला. टॅप नको, तो नवीन धातू कापतो, चेसर फक्त घाण काढतो. आटे गेलेच असते तर हेलिकॉइल (तारेचे नवीन आटे) नाहीतर बुश, आणि त्यासाठी उद्यमबागेत लेथवाले ढिगानं आहेत.

नवीन प्लग एनजीकेचा बी७एचएस. यातला एच म्हणजे आट्याची लांबी १२.७ मिमी, ई वाला १९ मिमीचा असतोय, तो चुकूनही या हेडात घालू नका, पिस्टनला भेटेल. बसवताना पहिले आटे बोटानंच फिरवले, वॉशर टेकेपर्यंत. त्यापुढं नवीन वॉशर असेल तर पानानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, वापरलेला असेल तर एक बारांश फेरा बास. टॉर्क रेंच असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ते अँटी-सीझ ग्रीस मी लावलं नाही, प्लगच्या आट्यांवर प्लेटिंग असतंय, आणि ग्रीसमुळं आटे घसरतात, मग तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. म्हणजे परत तेच.

आता इग्निशनचे पॉइंट आणि टायमिंग बाकी आहे. किकचा रबर पार गेलाय, संकेश्वर-निपाणीकडं कुणाला ओरिजिनल दिसला तर सांगा, कोल्हापूरपर्यंत यायची तयारी आहे.