टपापासून चासीपर्यंत : आमची वाटचाल

आमचं मूळ काम कुशनचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रिक्षाचे हुड, सीट कव्हर आणि ट्रॅक्टरची छतं शिवणारं छोटं दुकान होतं. जाड कापडाचं एक शिलाई मशीन आणि टिचबटण बसवायचा हातदाबा, एवढ्यावर धंदा सुरू झाला. आज इथे येणाऱ्या कामात सगळ्यात मोठा वाटा सॉफ्ट टॉप मारुती जिप्सीचा आहे. त्याखालोखाल महिंद्राच्या उघड्या जीप, आणि क्वचित गोव्यात बनलेली एखादी सॅन स्टॉर्म. मालक बहुतेक घरच्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसे पैसे घालून गाडी उभी करणारे. कुशनचं दुकान पत्र्याच्या आणि चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) कामापर्यंत कसं आलं, याचं उत्तर एका तक्रारीत आहे: नवा टप, म्हणजे कापडी छत, घातला तरी गाडी गळते.

टप गळतो तो बहुतेक वेळा कापडामुळे नाही. हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगून पटत नाही, म्हणून आम्ही पाण्याची चाचणी ठेवली. ती घरीही करता येते. आत टॉर्च घेऊन एक माणूस बसवायचा आणि बाहेरून नळीचं पाणी कमी दाबाने, खालून वर सरकत सोडायचं. आधी दारांची खालची कड, मग काऊल (पुढच्या काचेखालचा आडवा पत्रा), मग पुढच्या काचेचं रबर आणि सगळ्यात शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. या चाचणीत जिप्सीत वारंवार सापडणारी जागा म्हणजे पुढच्या काचेच्या फ्रेमचे खालचे दोन कोपरे. काचेच्या रबराखाली पाणी साठतं, फ्रेम आतून गंजते आणि पाणी थेट ड्रायव्हरच्या पायाशी उतरतं. दोष मात्र टपाला लागतो.

दुसरी जागा कमानींची, म्हणजे टप ज्यांवर ताणतात त्या वाकवलेल्या पाइपांची. वाकलेल्या किंवा सांध्यात सैल झालेल्या कमानीवर कितीही चांगलं कापड ताणा, दोन कमानींमध्ये खळगा पडतो, पाणी साचतं आणि त्याच्या वजनाने शिवण उसवते. कमानींना जोडणारे पट्टे जुन्या गाड्यांत सुती निवारीचे लावलेले सापडतात. निवार भिजली की आखडते, वाळली की सैल पडते. तिथे ५० मिमी रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा लावावा. कमानीचा पाइप सडला असेल तर मूळ मापाचा ईआरडब्ल्यू (वेल्डिंगने जोडलेला लोखंडी) पाइप घ्या, पण जाडी १.६ मिमीपेक्षा कमी नको. त्याहून पातळ पाइप खड्ड्यात पुन्हा वाकतो.

पुढे लक्षात येत गेलं, की कमानी सरळ केल्या तरी काही गाड्यांत टपाची पुढची कड काचेच्या फ्रेमवरच्या खाचेतून निसटतेच. कारण आणखी खाली असतं. जिप्सीची बॉडी चासीवर रबरी माउंटवर बोल्टने बसवलेली असते. मागची रबरं दबली की बॉडीचा मागचा भाग खाली बसतो, दारांच्या फटी वरखाली होतात आणि फ्रेमपासून मागच्या कमानीपर्यंतचं माप बदलतं. म्हणून आमचा क्रम ठरला: चासी, बॉडी माउंट, पत्रा, काचेची फ्रेम, कमानी आणि शेवटी कापड. घरी काम करणारे बहुतेक जण नेमके उलटे जातात. आधी नवा टप आणि सीट कव्हर घेतात, फोटो काढतात आणि पैसे संपतात.

या क्रमामुळेच आम्हाला सीओटू वेल्डिंग आणि डेंटिंगचं काम आत घ्यावं लागलं. गंज बघायची रीत साधी आहे. जाड स्क्रूड्रायव्हरची मूठ पत्र्यावर ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तिथे टोक दाबून बघायचं. बघायच्या जागा: पुढच्या दोन्ही मॅटखालचा फ्लोअर, मागच्या चाकांवरच्या कमानींची आतली बाजू, टेलगेटची खालची घडी, बॉडी माउंटच्या भोवतालचा पत्रा, स्प्रिंगच्या पाट्यांना चासीशी जोडणाऱ्या शॅकलजवळची चासी आणि चासीचा सगळ्यात मागचा आडवा मेंबर. आंबा घाट किंवा गगनबावडा उतरून कोकणात नांदलेली गाडी असेल तर चासीच्या आतल्या पोकळीतही बोट घालून बघा. खाऱ्या हवेचा गंज आतून बाहेर येतो. विकणाऱ्याने खालून ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर भाव कमी करा किंवा निघून या. ओल्या गंजावर डांबरी थर म्हणजे ओल आत कोंडणं.

फ्लोअरला पॅच मारताना गंजाच्या कडेपासून किमान २५ मिमी पुढे, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. पुठ्ठ्याचा नमुना करून १८ गेजचा सीआर पत्रा कापायचा आणि १२ ते १५ मिमी चढवून बसवायचा. वेल्डिंगला ०.८ मिमी वायर, आणि एका वेळी २० मिमीहून लांब टाका नाही. एक टाका इथे, पुढचा समोरच्या बाजूला. सलग ओढत गेलात तर पत्रा तापून लाटांसारखा उठतो आणि मग पुट्टीचे थर चढत जातात. सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर काढा, अर्थ क्लॅम्प पॅचच्या अगदी जवळ लावा. मागच्या बाजूचं काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. चासीचं वेल्डिंग घरी करू नका, तिथे ३ मिमी पत्रा लागतो आणि माप सरळ राहिलं पाहिजे.

उरलेलं गंजकाम मात्र घरीच करावं, कारण त्यात लागतो तो वेळ, आणि दुकानात वेळेचेच पैसे होतात. चार इंची ग्राइंडरला वायर कप लावून सुटा गंज काढा. फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर लावा, पूर्ण वाळल्यावर टू-पॅक इपॉक्सी प्रायमर मारा. सांध्यांत सीम सीलर प्रायमरनंतर आणि रंगाआधी भरायचा. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात ठेवली तर ओल त्यातून आत जाते. शिरोलीतल्या फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंग करून घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ब्रॅकेट, शॅकल, पाट्यांच्या प्लेटा यांना ते उत्तम. दार किंवा बॉनेट त्यात दिलं तर पातळ पत्रा वाकडा होऊन परत येतो.

काम दिवाळीनंतर काढावं आणि वळीव सुरू व्हायच्या आत रंग आटपावा. दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो.

स्पेअर पार्टचं दालन नंतर आलं, तेही चुकीचे पार्ट परत येत असल्यामुळे. जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली ती ९७० सीसी इंजिन आणि चार गिअर घेऊन. पुढे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर वाढवलेली आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची कार्बोरेटरवाली पाच गिअरची आणि २००० मध्ये एमपीएफआय. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. “जिप्सीचं द्या” म्हणून काउंटरवरून पार्ट उचलला की हमखास घोटाळा. चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही घेऊन या, कारण लिलावातून आलेल्या गाड्यांत एकाचं इंजिन दुसऱ्यात बसवलेलंही असतं.

स्टिअरिंग आणि ब्रेकला टपाच्या आधी पैसे. हायवेला पन्नास-साठच्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागलं की लोक आधी व्हील बॅलन्सिंग करून बघतात. ते करा, पण गाडी जॅकवर घेऊन, स्टँड लावून, चाक वर-खाली धरून हलवूनही बघा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, बेअरिंग. किंगपिनचा ताण शिमने (पातळ चकत्यांनी) बसवतात. शिम काढताना वर आणि खाली सारखी काढायची, नाहीतर नकल (चाकासोबत वळणारा सांधा) मध्यावर राहत नाही. नकलच्या गोळ्यावरचं सील फाटलं असेल तर चिखल थेट आत जातो. तिथे ग्रीसऐवजी पातळ तेल दिसलं तर बाहेरचं सील बदलून भागणार नाही, एक्सलचं आतलं सील गेलं आहे आणि डिफरन्शियलचं तेल बाहेर येतं आहे.

उभ्या गाडीत ब्रेकचे व्हील सिलिंडर आतून गंजतात, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं तेल पूर्ण काढून नवीन भरा आणि मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकाकडून सुरुवात करून हवा काढत या. ड्रम लेथवर घ्यायचा असेल तर ड्रमवर कोरलेलं कमाल माप आधी वाचा. उद्यमनगरात लेथवाला ड्रम तासून देईल, तो किती उरला पाहिजे हे बघणं तुमचं काम. टायरवर शेवटचे चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. खाच खोल दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर चालवू नका.

इंजिन बरीच वर्षं बंद असेल तर स्टार्टर मारायची घाई नको. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरवा. मोकळं फिरलं तरच पुढे. टायमिंग बेल्टचं वय माहीत नसेल तर मीटरवरचे किलोमीटर न बघता बदला. इंजिन ऑइल सुमारे साडेतीन लिटर लागतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल मिळून ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल साडेपाच-सहा लिटर. डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं तर गाडी कधीतरी पाण्यात उभी होती असं समजा. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यातल्या गाडीत हे आधी बघावं.

जिप्सीची टाकी ४० लिटरची. आत गंज असेल तर ती उतरवून, पेट्रोल पूर्ण काढून, पाण्याने धुऊन घ्या. मूठभर नट आत टाकून हलवा. टाकलेले मोजून ठेवा आणि निघालेलेही मोजा. मग दोन किलो सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, दिवसभर ठेवा. ओतल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने खळखळवा, लगेच वाळवा आणि लगेच पेट्रोल घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस थर दिसतो. रबरी पाइप सगळे बदला, इथेनॉलला टिकणारे घ्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांत बनतं हा आनंद वेगळा, पण जुन्या पाइपला ते मानवत नाही. पाइप आतून सुटतो आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतात.

सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची, म्हणून गंजत नाही, असं समजून लोक निर्धास्त असतात. बॉडीखालचं लोखंड गंजतंच. टपाचे तयार भाग मिळत नाहीत, जुन्यावरून नमुना काढून शिवावे लागतात. बटणाने उघडणारे टप असलेल्या परदेशी गाड्या आम्ही घेत नाही. त्यांच्या मालकांना एवढंच सांगतो, की टपाच्या खाचेतून खाली जाणाऱ्या निचऱ्याच्या नळ्या पावसाळ्याआधी मोकळ्या करा. पाला अडकला की पाणी सीटखाली साठतं आणि वायरिंग जातं.

आता कापड, जिथून आम्ही निघालो. जिप्सीच्या पूर्ण टपाला दीड मीटर पन्ह्याचं सुमारे सहा मीटर कापड लागतं. पीव्हीसी कोटिंगचं पॉलिएस्टर ६५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपास घ्या. सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगून सुईची छिद्रं बुजतात, पीव्हीसीत ती उघडीच राहतात, म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवावी लागते. दोरा बाँडेड पॉलिएस्टरचा. सुती दोरा उन्हात दोन-तीन वर्षांत कुजतो, कापड मात्र शाबूत राहतं. टाका ४ ते ५ मिमीचा. बारीक टाका मजबूत वाटतो, पण कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं. खिडकीची पारदर्शक शीट ०.७५ मिमीची घ्या आणि तिची घडी घालू नका, गुंडाळी करा. ती साबणाच्या पाण्याने धुवायची. थिनर किंवा पेट्रोल लावलं की कायमची धुरकट होते.

बसवताना टप तासभर उन्हात पसरा. कापड नरम झालं की आधी पुढची कड खाचेत सरकवा, मग मागचा मध्य, आणि तिथून डावी-उजवी बाजू आलटून-पालटून बटणांच्या खुणा करत जा. हाताने ताणा, पकडीने नाही. भर उन्हात पकडीने ताणून खुणा केल्या तर थंडीतल्या सकाळी बटण लागत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: आरसीवर सॉफ्ट टॉप लिहिलेलं आहे का, ते गाडी घेण्याआधी बघा. हार्ड टॉप कापून टप लावणं किंवा रंग बदलणं आरटीओच्या नोंदीशिवाय चालत नाही. पंधरा वर्षांवरच्या खाजगी कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, वीस वर्षांवरच्यांची २०२५ मध्ये १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. बजेटच्या कागदावर ही पहिली ओळ असावी. उरलेल्या रकमेतला निम्मा भाग पत्रा, ब्रेक आणि स्टिअरिंगला, पाव भाग इंजिन-पेट्रोलला धरा. टप आणि सीट त्यानंतर. मात्र ही वाटणी करण्याआधीच पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा, कारण बॉडी माउंटचा एखादा बोल्ट तुटतोच आणि त्याचा आतला नट फिरायला लागला की फ्लोअरला खिडकी कापावी लागते.

घरी काम करणाऱ्यांसाठी आम्ही आता कापलेला, शिवलेला, पण बटणं न बसवलेला टप देतो. सोबत पट्टे, बटणं आणि ती बसवायचा हातदाबा असतो, दाबा परत करायचा. त्यासाठी माप गाडीवरून घ्यावं लागतं आणि गाडी तोवर नव्या बॉडी माउंटवर उभी असावी लागते. जुना टप कितीही फाटका असला तरी फेकू नका, सोबत आणा. दारावरच्या वळणाचं आणि मागच्या चेनचं माप त्याच्यावरूनच नीट मिळतं.